दोन दारांची हेरल्ड की पाच दारांची हॅचबॅक?

टोमॅटोला किंवा कांद्याला बरा भाव मिळालेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास नारायणगाव, ओतूर, मंचर या पट्ट्यात गाडीचा विषय निघतोच. थोरल्यांचं ठरलेलं असतं: एक चांगली हॅचबॅक, पांढरी, पुढेमागे विकायलाही सोपी. धाकटा मात्र मोबाइल पुढे करतो. त्यावर फोटो असतो 1965 सालच्या दोन दारांच्या स्टँडर्ड हेरल्डचा. क्रोम लखलखीत, बॉनेट अख्खं पुढच्या बाजूला उघडलेलं. "काका, नव्या गाडीच्या निम्म्या पैशात येतेय. घेऊ का?"

माझं मत आधीच सांगतो. घरात एकच चारचाकी राहणार असेल तर हॅचबॅक घ्या आणि लेख इथेच मिटून ठेवा. दवाखाना, बाजार समिती, लग्नसराई, पोरीची पुण्यातली परीक्षा ही कामं जुन्या गाडीच्या मर्जीवर सोडता येत नाहीत. पण दाराशी एक चालती गाडी आधीच असेल, किंवा आजोबांची जुनी मोटार गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असेल, तर तुलना नीट करायला हवी. ती कंपनीच्या माहितीपत्रकावर होत नाही. आपल्या गल्ल्या, आपले घाट आणि ऊसतोडीच्या हंगामातली आपली रात्र यांवर करावी लागते.

आधी गाड्यांची ओळख. दोन दारं आणि मागे उतरत गेलेलं छत अशी खरीखुरी कूपे आपल्या तालुक्यांत दुर्मिळच. ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीने 1959 मध्ये हेरल्ड बाजारात आणली तेव्हा तिचं कूपे रूपही होतं. आरेखन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने 1961 पासून ती भारतात काढली ती दोन दारांची, पण मागच्या बाकावर माणसं बसतील अशा छताची. पुढे चार दारांची हेरल्डही मद्रासलाच निघाली, ब्रिटनमध्ये ती कधी नव्हती. इंजिन 948 सीसी, ताकद जेमतेम 35 अश्वशक्ती, वजन आठशे किलोच्या आसपास. ताशी 100 गाठायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो.

कूपे परवडत नाही आणि हेरल्ड सापडत नाही, तेव्हा आपल्याकडचा माणूस फियाटकडे वळतो. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघायला लागली. आधीची गुबगुबीत "डुक्कर फियाट", मग डिलाइट, मग 1974 च्या सुमारास पद्मिनी. इंजिन 1089 सीसी, गिअर बहुतेकींचा स्टीअरिंगलगत. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर 2023 अखेर निरोप घेतला. तिला चार दारं आहेत, म्हणून ती कूपेच्या पंगतीत बसत नाही. तरी तिचा विचार सोडू नका, का ते पुढे येईल.

समोरच्या बाजूला मी दोन हॅचबॅक धरतो. एक 2024 ची मारुती स्विफ्ट: 1.2 लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, 82 अश्वशक्तीला थोडी कमी, सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत. दुसरी टाटाची अल्ट्रोझ, जी पुण्याच्याच कारखान्यातून 2019 च्या नोव्हेंबरपासून बाहेर पडते आहे आणि जिला जानेवारी 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. ताकदीचा मुकाबला कागदावरच संपतो. रस्त्यावर मात्र काही गोष्टी अनपेक्षित निघतात.

पहिली अनपेक्षित गोष्ट गल्लीत कळते. जुन्नर गावातल्या जुन्या पेठांत गाडी वळवायची वेळ आली की हेरल्ड हॅचबॅकला खाऊन टाकते. तिची पुढची चाकं इतकी आडवी होतात की साधारण 25 फुटांच्या, म्हणजे साडेसात मीटरच्या वर्तुळात ती पूर्ण फिरते. स्विफ्टला त्यासाठी साडेनऊ मीटरहून जास्त जागा लागते. बाजाराच्या दिवशी समोरून टेम्पो आला, मागे हातगाडी, तेव्हा हे दोन मीटर फार मोलाचे. आता त्याच गल्लीत गाडी उभी करा आणि दार उघडा. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, शेजारी भिंत असेल तर ते अर्धंच उघडतं. मग पुढची पाठ वाकवायची, त्या फटीतून मागे शिरायचं. नऊवारीतल्या आजीला हे एकदा करायला लावून बघा, परत ती गाडीचं नाव काढणार नाही. अल्ट्रोझचं दार काटकोनात उघडतं. शोरूममध्ये ही गोष्ट बारीक वाटते, पण लेण्याद्री-ओझरला आजी-आजोबांना घेऊन जाताना तीच मोठी होते.

आता घाट. आपल्याकडे गाडीची खरी परीक्षा दोन रस्त्यांवर होते. एक आळेफाट्याहून ओतूर, मढ, खुबी फाटा असं करत माळशेजला उतरणारा. दुसरा मंचरहून घोडेगाव, डिंभे, तळेघरमार्गे भीमाशंकरला चढणारा. चढाला जुनी गाडी हळू जाते, याचं काही नाही. मागच्याला हात दाखवून पुढे जाऊ द्या. अडचण तापण्याची आहे. जुन्या गाडीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जीव तोडून काम करत असतं आणि गाडी मात्र हळू असल्याने रेडिएटरवर वारा पुरेसा येत नाही. चाकणच्या कोंडीत तर वारा अजिबात नाही, पंखाही मंद. नव्या गाडीत विजेचा पंखा गरज पडेल तेव्हा स्वतः चालू होतो. म्हणून जुनी गाडी घेऊन पुण्याला जायचंच असेल तर चाकण पहाटे ओलांडा. काटा लाल रेषेकडे सरकला तर गाडी बाजूला घ्या, न्यूट्रलवर थोडा रेस देऊन पंखा फिरता ठेवा, बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. त्याने सिलिंडर हेडला तडा जातो. हात भाजतो तो वेगळाच.

उतार जास्त धोक्याचा. हेरल्ड आणि जुन्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापला की पसरतो, शूपासून दूर जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. माळशेजच्या वळणांवर पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याला हे तळ गाठायच्या आधीच कळतं. आपले जुने ट्रकवाले सांगतात ते बरोबर आहे: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनला धरू द्या, ब्रेक थोडा थोडा आणि सोडून सोडून दाबा. पावसाळ्यात ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. पाणी ओलांडल्यावर लगेच हळू वेगात ब्रेक हलके दाबत पन्नास-शंभर मीटर जायचं, ड्रम सुकतो. नव्या हॅचबॅकला पुढे डिस्क आहेत आणि एबीएस तर आता कायद्यानेच सक्तीचं आहे. ढोबळ हिशेब करायचा तर ताशी 80 वरून कोरड्या रस्त्यावर चांगल्या स्थितीतली नवी गाडी तीस-बत्तीस मीटरमध्ये थांबते. जुन्या ड्रमला पंचेचाळीस मीटर तरी द्यावे लागतात. म्हणजे मधला फरक एका लांब बसहून थोडा जास्त. जुनी गाडी चालवताना पुढच्या गाडीपासून हे अंतर सोडलंच पाहिजे. ते सोडलं की मधे कोणीतरी दुचाकीवाला घुसतो, मग पुन्हा सोडायचं. हे ज्याला जमणार नाही त्याने जुनी गाडी महामार्गावर नेऊ नये, माझ्या मते तरी.

हेरल्डची आणखी एक खोड आहे, ती फियाटला नाही. तिच्या मागच्या दोन चाकांचे दांडे मध्ये, डिफरन्शियलजवळ, बिजागरीसारखे हलतात. वळणावर जोरात आलात आणि मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात तर मागची बाजू वर उचलते, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी शेपूट फिरवते. म्हणून वळणाआधी वेग कमी करायचा आणि वळणात हलका ॲक्सिलरेटर चालू ठेवायचा. भीमाशंकरच्या रस्त्यावरची अंध वळणं ओल्या पानांनी भरलेली असतात, तिथे तर हा नियम मोडूच नका. हॅचबॅकच्या चालकाला यातलं काही माहीत नसलं तरी चालतं, आणि तिची खरी किंमत यातच आहे. नवशिक्या पोराच्या हातात द्यायची गाडी कोणती, याचं उत्तर इथेच मिळतं.

रात्रीचं सांगायचं तर आपल्या भागात तोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. अनेकांना मागचे दिवे नाहीत, परावर्तक चिखलाने झाकलेले. हेरल्डसारख्या गाडीत डायनॅमो असतो. इंजिन मंद असलं की वीज कमी आणि दिवे पिवळे. ट्रॉली दिसेपर्यंत ती तोंडाशी आलेली असते. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवता येतो आणि मी तो बसवाच म्हणेन. फक्त जुना डायनॅमो, त्याची पट्टी, रेग्युलेटर हे सगळं पिशवीत भरून ठेवा; मूळ भाग किती जपले आहेत हे पुढे कागदपत्रांच्या वेळी विचारलं जातं. आणि बिबट्या. जुन्नर-आंबेगावात उसाच्या फडाशेजारी रात्री गाडी बंद पडणं ही नुसती गैरसोय नाही. काचा वर, दारं बंद, आत बसून फोन करा. बॉनेट उघडून टॉर्च तोंडात धरून कार्बोरेटर खोलायचा हट्ट सकाळपर्यंत राहू द्या. नवी गाडीही बंद पडू शकते, हे खरं, पण तुलनेत फारच क्वचित.

एक गंमत. जुन्या गाडीचा प्लग ठिणगी टाकतो तेव्हा रेडिओ लहरीही सांडतो. म्हणून पूर्वी गाडीतल्या रेडिओत इंजिनच्या ठेक्यावर खरखर यायची. अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीजवळ याच कारणाने पेट्रोल गाड्या नेत नाहीत, डिझेल वापरतात. आपल्या खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या त्याच लहरींकडे कान लावून बसल्या आहेत. तिथे दुर्बीण बघायला जुनी गाडी नेणार असाल तर प्लगच्या वायरी नव्या, सप्रेशनवाल्या बसवून न्या. विज्ञानासाठी नाही तर निदान गाडीतल्या गाण्यासाठी तरी.

पेट्रोलचा मुद्दा मात्र गंमतीचा नाही. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांत शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीवर थर धरायचं आणि ती झिजू द्यायचं नाही. ते गेल्यावर बैठक हळूहळू झिजते. लक्षण एकच: टॅपेटचं अंतर दर वेळी सेट करूनही पुन्हा कमी झालेलं सापडतं. मग हेड काढून कडक धातूच्या सीट बसवाव्या लागतात. लेथवाला चांगला असेल तर हे काम एकदाच करायचं आणि विसरायचं.

आता त्यावर इथेनॉल आलं आहे. पंपावर मिळणारं पेट्रोल आज वीस टक्के इथेनॉलचं आहे. ते ऊस आणि मका यांतून येतं, तेव्हा आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्याचं वावडं असायचं कारण नाही. पण जुन्या गाडीला आहे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि भेगाळवतं. हवेतलं पाणी धरतं आणि टाकीच्या आत गंज चढवतं. मग तो गंज जेटमध्ये अडकतो आणि गाडी चढावर मिसिंग करायला लागते. शिवाय त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. नव्या हॅचबॅकमध्ये धुराड्यातला सेन्सर हे ओळखून पेट्रोलचं प्रमाण आपोआप वाढवतो, कार्बोरेटरला तेवढी अक्कल नाही. तेव्हा जुनी गाडी घेताच तीन कामं करा. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रबरी पाइप इथेनॉल सोसणारा घाला. कार्बोरेटरच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा, म्हणजे आतली घाण डोळ्यांना दिसेल. आणि मिस्त्रीला मेन जेट एक पायरी मोठा बघायला सांगा. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेतच पाणी जमतं. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे भाग या पेट्रोलसाठी बनवलेले आहेत. त्याआधीची वापरलेली हॅचबॅक घेणार असाल तर मालकाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा.

आता कागद. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, आणि फसवणूक करणारा बहुधा कोणी नसतो, कायदाच गुंतागुंतीचा आहे. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवड आरटीओत, म्हणजे एमएच 14 मध्ये येतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून त्याची फी 5,000 रुपये झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी 10,000. उशीर झाला तर महिन्याला 500 रुपये वेगळे. वर राज्याचा पर्यावरण कर. ताडपत्रीखालच्या गाडीचं नूतनीकरण बरीच वर्षं राहिलं असेल तर खरेदीच्या आधी हा सगळा हिशेब आरटीओच्या खिडकीवरच करून घ्या, विकणाऱ्याच्या तोंडून नाही.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला दुसरी वाट आहे. केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. फी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला 5,000. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांपाठोपाठ व्हीए येतं. अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. आणि मुख्य अट बहुतेक लोक वाचतच नाहीत. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे व्हिंटेज पाटी लावून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेट न्यायच्या नाहीत. रविवारी शिवनेरीच्या पायथ्याशी चक्कर मारायची हौस असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवलेली बरी. पन्नाशीच्या आतल्या गाड्यांना तर हा प्रश्नच नाही. पुण्याच्याच टाटांनी 1991 मध्ये काढलेली तीन दारांची सिएरा आज अनेकांच्या डोळ्यांत भरते. तिला पंधरा-वीस वर्षांचेच नियम लागू. दिल्लीकडून एनओसीवर स्वस्तात येणाऱ्या जुन्या गाड्यांचा चॅसी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी, पत्र्यावर, आरसी बुकाशी ताडून बघा. घासून पुन्हा कोरलेला नंबर बोटाला खडबडीत लागतो.

विम्यात एक बारकावा. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची किंमत ठरलेल्या घसाऱ्याने काढली जाते. त्यापुढे ती विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणजे जुन्या गाडीवर दोन-तीन लाख खर्च केलेत तर मान्यताप्राप्त सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल करून तो आकडा पॉलिसीत लिहून घ्या. नाहीतर अपघातानंतर तुमच्या हातात भंगाराचा भाव येईल. नव्या हॅचबॅकला पहिली काही वर्षं घसारा-मुक्त पॉलिसी घ्या, तिथे विचार करण्यासारखं फार काही नाही.

कागद बरोबर निघाले की गाडीखाली झोपायचं. आधी लोहचुंबक रुमालात गुंडाळून दाराखालच्या पट्टीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे, म्हणजे आत पत्रा सडलाय. मुंबईत समुद्राच्या हवेत वाढलेल्या गाडीपेक्षा देशावर, बेल्हे-आळेफाटा अशा कोरड्या बाजूला राहिलेली गाडी सहसा पत्र्याने बरी निघते. आपल्याच घाटमाथ्याच्या पावसात राहिलेली नाही. हेरल्डला वेगळी चॅसी आहे आणि बॉडीचे तुकडे बोल्टने जोडलेले आहेत, हे तिचं सुख. पत्रा बदलता येतो. पण चॅसीतून बाजूला निघालेले हात सडले असतील तर दारांच्या फटी वर-खाली असमान दिसतात. अशी गाडी सोडून द्या. इंजिन खराब असेल तर मी एक वेळ म्हणेन घ्या, बोअर करता येतं, पिस्टन मिळतात. पण सडलेली चॅसी घेऊ नका.

मग पुढची चाकं. हेरल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली पितळी तुकड्यात आट्यांनी फिरतो. या जागी ग्रीस नाही, 90 नंबरचं गिअर ऑइल लागतं. पण ग्रीस गन हातात असली की फिटर ती सगळीकडे मारत सुटतो, आणि गेली पन्नास वर्षं बहुतेक हेरल्डचं असंच झालं आहे. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, गंज धरतो आणि एके दिवशी दांडा तुटून चाक गाडीखाली आडवं होतं. बहुधा हळू वेगात, स्टीअरिंग पूर्ण फिरवलेलं असताना, म्हणजे नेमकं गल्लीत वळवताना. घेण्याआधी जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवा, ढिलाई असेल तर दोन्ही बाजूंचे दांडे बदलल्याशिवाय घरी चालवत आणू नका.

इथेच फियाटची बाजू वरचढ ठरते. तिचे ब्रेक शू, व्हील सिलिंडर, पॉइंट, कार्बोरेटरचे किट अजून पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला शोधले तर मिळतात, आणि तिला हात लावलेला म्हातारा मिस्त्री राजगुरुनगरपासून संगमनेरपर्यंत कुठेही भेटतो. हेरल्डचे भाग बहुधा इंग्लंडहून मागवावे लागतात. पैशापेक्षा वेळ जातो. पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याला मी फियाट सुचवेन, दोन दारांचा हट्ट नसेल तर.

हॅचबॅकबद्दल थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तेव्हा तुलना करताना जुन्या ऑनरोड किमती धरू नका. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची 163 मिलिमीटर, अल्ट्रोझची 165. पाच माणसं आणि डिकीत दोन पोती टाकून गावातल्या हाताने घातलेल्या गतिरोधकावरून चाचणी घ्या, एकट्याने नाही. सीएनजीचा मोह होतो. स्विफ्ट सीएनजीवर किलोला 32 किलोमीटरच्या पुढे जाते असं कंपनी सांगते, पण ताकद 70 अश्वशक्तीच्या खाली येते आणि डिकी टाकी खाते. रोज पुण्याला ये-जा असेल तर घ्या, आदिवासी पट्ट्यात आहुपे-तळेघर बाजूला राहत असाल तर पेट्रोल बरं. ऑटोमॅटिक गिअरची स्वस्त जात चढावर क्षणभर दम खाते; घाटात तिला मॅन्युअलवर टाकून चालवा. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात काच आतून धुरकटते तेव्हा एसी लावून दोन मिनिटांत साफ होते. जुन्या गाडीत काचेला आतून साबणाचा हात फिरवून निघायचं आणि तरी शेजारच्याने फडकं हातात धरून बसायचं.

शेवटची चाचणी दोन्ही गाड्यांना एकाच रस्त्यावर द्या: घोडेगावहून डिंभे धरणामागे चढत तळेघरपर्यंत. मालक शेजारी बसवा, तो स्वतः चालवायला निघाला तर नको म्हणा. वर पोचल्यावर जुनी गाडी बंद करू नका, दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि तापमानाचा काटा बघा. मग बंद करा, चहा घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर मारा. गरम इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात पकडलं, खाली जमिनीवर तेलाचा ताजा डाग नाही आणि उतरताना ब्रेकचं पेडल तळाला गेलं नाही, तर भावाची बोलणी सुरू करा. मालकाने सांगितलेल्या किमतीतून पाइप, टायर, ब्रेक आणि आरटीओ एवढ्यांचा खर्च आधी वजा करा. टायर नक्षीने भरलेले दिसले तरी बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा, शेवटचे दोन आकडे वर्ष सांगतात. 2012 चा टायर असेल तर तो कितीही नवा दिसो, घाटात त्यावर जाऊ नका.